चौकीवरची भाची

अमरावती, १७ नोव्हेंबर २०२४

शालिकराम,

पत्राच्या वर आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहिते, अनेक आशीर्वाद. मनापासून आहेत का, ते विचारू नकोस. आईच्या तेरवीला तू चौदाव्या दिवशी उगवलास आणि भर अंगणात, पाव्हण्यारावळ्यांसमोर, मी तुला जे बोलले ते बोलले. तूही पाणी न पिता पाठ फिरवलीस आणि दोन वर्षं माझा फोन उचलला नाहीस. फिट्टंफाट झाली. वाट बर्फाने बंद होती, हे मला नंतर तुमच्या ठेकेदाराकडच्या विपुलकडून कळलं. पण नंतर कळलेल्या गोष्टीचा राग आधी कसा जाणार?

तर हे पत्र समेटासाठी नाही, कामासाठी आहे. विपुल ठेकेदाराची माणसं घेऊन पुन्हा नेपाळात तुमच्या बोगद्यावर निघालाय, त्याच्या हाती देते. फोनवर बोलले असते तर तिसऱ्या वाक्याला आपलं भांडण झालं असतं. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही, हे बरं आहे.

नर्मदाबाई तुला आठवत असेल. दिवाळी आटोपली की मैदानावर तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं लागतात, त्यातलं कोपऱ्यावरचं तिचं. खरं नाव नोरझोम. आपल्याकडच्या बायांच्या तोंडी ते बसेना म्हणून तिची नर्मदा झाली आणि तिनेही ते चालवून घेतलं. राहायला गोंदियाकडे गोठणगावच्या त्यांच्या वस्तीत. हंगाम संपला की उरलेल्या मालाचे गठ्ठे ती आमच्या माडीवर ठेवून जाते. त्यामुळे आमच्या घराला बारा महिने डांबराच्या गोळ्यांचा वास येतो आणि खुशालराव म्हणतात, आपण म्हातारे झालो तरी आपल्याला कसर लागायची नाही.

इतक्या वर्षांत ती स्वतःचं कधी बोलली नव्हती. परवा पोळ्या करत होते, ती भिंतीला टेकून बसली होती, आणि एकाएकी बोलायला लागली. बारा वर्षांची असताना आईचा हात धरून बर्फाची खिंड ओलांडून ती इकडे आली. धाकटी बहीण चार वर्षांची होती. तिला मावशीकडे ठेवून आल्या, कारण लेकरू रडलं की सगळेच धरले जातात. आई म्हणाली होती, पुढच्या वर्षी आणू. ते वर्ष आलंच नाही. आई गोठणगावातच गेली.

आता त्या बहिणीची मुलगी निघाली आहे. छिमी तिचं नाव, एकोणीस वर्षांची. तिकडून फोनवर उघड बोलता येत नाही, कोणी ऐकतं म्हणे. बहिणीने एवढंच कळवलं, 'एक स्वेटर पाठवला आहे, चांगला आहे, सांभाळून घे.' ते दिवाळीच्या आधी. तिच्यासोबतची माणसं काठमांडूला पोचली, ही पोचली नाही. खिंड उतरल्यावर तिला ताप भरला, म्हणून तिला वरच्या एका गुराख्याच्या गोठ्यात ठेवून ते पुढे आले. नर्मदाबाईने त्या खोऱ्याचं नाव घेतलं आणि माझ्या हातातलं लाटणं थांबलं. ते तुझं खोरं आहे, शालिक. तुझा बोगदा जिथे चालू आहे तेच.

तर विचारपूस कर. दूधवाले, लाकडं विकणाऱ्या बाया, कोणालाही विचार. फक्त पोलिसांना विचारू नकोस. सापडलेल्या माणसाला पुन्हा वर नेऊन सोडतात, असं ती म्हणते. आणि वर परत गेलेल्याचं काय होतं हे तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. काठमांडूत त्यांच्या लोकांचं एक घर आहे, तिथवर पोरगी पोचली की पुढे हिंदुस्थानात यायची सोय होते.

जमणार नसेल तर विपुलजवळ तोंडी नाही म्हण. तुला तसंही जास्त शब्द लागत नाहीत.

तुझी बहीण
सुभद्रा


अमरावती, ५ डिसेंबर २०२४

शालिक,

विपुल आला. म्हणाला, 'मावशी, काकानं पत्र वाचलं अन् मंग म्हनलं, पाहतो म्हना.' दोन वर्षांत दोन शब्द. मी त्याला म्हटलं, एवढ्यासाठी तू इतका प्रवास केलास काय रे. पण त्याला जाताना बेसनाचे लाडू बांधून दिले, त्यावरून काय समजायचं ते समज.

नर्मदाबाईला सांगायला मी स्वतः मैदानावर गेले. ती गिऱ्हाइकाशी बोलत होती. तिचं बोलणं आता आपल्यापेक्षा वऱ्हाडी झालंय. 'पक्का माल हाय बाई, धू धू धुवा, पन पिळू नोका.' बाई गेल्यावर मी म्हटलं, माझा भाऊ पाहतो म्हणाला आहे. ती म्हणाली, 'तुवा भाऊ तर तुयाशी बोलत नाई.' मी म्हटलं, माझ्याशी नाही बोलत, कामाचा आहे. तिने माझ्या दोन्ही हातांना आपलं कपाळ लावलं. भर बाजारात. मला कानकोंडं झालं आणि मी उगाच एका मफलरीचा भाव विचारला.

सोबत गाठोडं पाठवते आहे. त्यात रजई आहे, कापूस आपल्या तिवशाच्या वावरातला. एक सलवार-कमीज, ओढणी, टिकल्यांचं पाकीट. पोरगी सापडली तर तिचे तिकडचे कपडे बदलायचे, ते अंगावर असले की कोणीही ओळखतो, असं नर्मदाबाईने सांगितलं. लोकरी मोजे तिने दिले आहेत, चार जोड्या.

बाटलीत जवसाचं तेल आहे. तुला सांगायला नको, पण सांगते. आपण लहानपणी थंडीच्या दिवसांत जागलीला जायचो आणि पाय लाकडासारखे करून घरी यायचो, तेव्हा आई काय करायची? निखाऱ्यांजवळ पाय धरायची, चांगला शेक द्यायची आणि मग तेल चोळायची. पोरगी थंडीची आली तर तसंच कर. चहा गूळ घालून दे. आणि तिच्याशी हळू बोल, तुझा आवाज जेसीबीच्या वरताण आहे.

खुशालराव विचारतात, शालिकराव जेवतात ना वेळेवर? मी म्हटलं, मला काय ठाऊक. पण तू जेवतोस ना?

सुभद्रा


बोगद्यावरून, ६ जानेवारी

बाई,

तुयी दोन्ही पत्रं भेटली. पह्यलं फाडलं होतं. दुसरं ठेवलं.

पोरगी सापडली. वरचे गुराखी बर्फ पडलं म्हनून खाली उतरले, तवा ती त्याइच्यासंगं निंगाली. चौकी टाळाले ती एकलीच रातभर नाल्यानाल्यानं चालली. बुटात पानी गेलं. सकाळी लाकडं इकनारी बाई तिले आमच्या शेडवर घेऊन आली. पाय पांढरे, कडक, लाकडावानी. बोट लावलं तरी तिले कळे नाई. ती हासत होती बाई. मले वाटलं, दुखत नाई तर बरंच हाय.

मंग मी आईवानी केलं. इस्तो पेटवला. तिचे पाय माया हातानं निखाऱ्याजोळ धरले. आमी पाच वऱ्हाडी मानसं होतो, सगळे म्हनत, आनखी जवळ घे, आनखी जवळ घे. तिले कळत नोतं म्हनून आमाले कळलं नाई. वास आला तवा कळलं.

कंपाउंडर मांगून आला. म्हने, गोठलेल्या पायाले आग दाखवत नसतेत, कोमट पान्यात ठेवतेत. मले काय माहीत? आपन बर्फ पाह्यला तो रसवंतीवरचा.

जखमा चिघळल्या म्हनून डोक्याच्या पट्ट्यानं उचलाच्या टोपल्यात बसवून पाठीवर खाली नेली. विपुल संगं होता. काठमांडूले त्याइच्या घरी पोचवली. तिथून दवाखान्यात नेली. डाव्या पायाची बोटं काढा लागतीन म्हनतेत. उजव्याची दोन.

नर्मदाबाईले सांग, पोरगी जित्ती हाय. बाकी काय सांगाचं ते तू पाह्य. मले आता लिवू नको.

शालिकराम


अमरावती, १६ जानेवारी २०२५

शालिक,

लिहू नको म्हणालास म्हणून लिहिते आहे. लहानपणापासून तू नको म्हटलेलं मी केलं आहे, आता या वयात कुठे वळण बदलू.

तुझं पत्र संक्रांतीच्या दिवशी आलं. मी ते उभ्यानेच वाचलं. मग मला माझं डिसेंबरातलं पत्र आठवलं. निखाऱ्यांजवळ धर, चांगला शेक दे, हे लिहिलं कोणी? तू 'आईवानी केलं' म्हणतोस आणि माझं नावही घेत नाहीस. इतका चांगुलपणा मला सोसत नाही. लिहिलं मी, केलं तू, शिकवलं आईने, आणि तिघांनाही बर्फ ठाऊक नव्हता. ती तर गेली. आता दोघांनी वाटून घेऊ.

नर्मदाबाईला तुझं पत्र वाचून दाखवायचं होतं. वाटेत मनात आलं, मधल्या दहा ओळी गाळाव्या आणि जित्ती आहे एवढंच सांगावं. पण तिच्यासमोर बसले आणि सगळं वाचलं. ती स्वेटरांच्या घड्या घालत होती. घड्या घालणं थांबलं नाही. 'जित्ती हाय' ऐकलं तेव्हा तिने एक घडी दोनदा घातली. बोटांचं ऐकलं तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, ते तिने हाताने परत पाठवलं.

मग म्हणाली, 'बाई, मीनं सांगाले पाह्यजे होतं. आमच्याइकडे लेकराइले बी माहीत राह्यते, गोठला पाय आगीजोळ नाई नेत. मीनं मोजे देल्ले, टिकल्या सांगतल्या, अन् हेच नाई सांगतलं. मले वाटलंच नाई का कोनाले हे माहीत नसन.' आणि मग तिला एकदम हसू आलं, रडवेलं हसू. म्हणाली, 'तुमी तर इतकुशा थंडीत कानटोपी घालता. मी दरवर्षी हासो तुमाले.'

मी म्हटलं, माझ्या भावावर रागावू नकोस. ती म्हणाली, 'राग करू का नाई, ते मले अजून समजून नाई राहिलं. पोरीले पाहू दे आधी.' मला हे बोलणं खरं वाटलं. लगेच माफ केलं म्हणाली असती तर मी विश्वास ठेवला नसता. ऐन हंगामात तिने दुकान आवरलं, माल शेजारच्या दुकानदाराला दिला आणि काल ती गोरखपूरकडच्या गाडीत बसली. तिथून काठमांडूला.

आता दुसरं. तुझ्या पत्रात जे नाही ते मला विपुलने सांगितलं. चौकीचं.

विपुल म्हणतो, खाली उतरताना पोलिसांनी अडवलं. टोपल्यातली पोरगी कोण म्हणून विचारलं. तू म्हणालास, माझी भाची. पोलीस तुझं काळं तोंड पाहतो, तिचा गोरा चपटा चेहरा पाहतो. म्हणतो, भाची कशी? तू म्हणालास, माझी बहीण इकडंच देली, पहाडात. म्हणजे माझं लग्न तू कोण्या गुराख्याशी लावून मोकळा झालास. खुशालराव हे ऐकून दिवसभर हसत होते आणि संध्याकाळी मला विचारलं, मग मी कोण?

पोलिसाला पटलं नाही. त्याने तिला नाव विचारलं. तिला काय बोलावं कळेना. टोपलं खाली ठेवायला लावलं आणि त्याने वरिष्ठांना फोन लावायला घेतला. विपुल म्हणतो, 'मावशी, मले तर वाटलं, संपलं. अन् काकानं काय केलं, तर खाली बसले, अन् पोरीच्या पट्टी बांधल्या पायावर डोस्कं ठेवलं. अन् उठूनच नाई राह्यले.'

आपल्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. पुण्यामुंबईची माणसं हे ऐकून चकित होतात, खुशालरावांचे पुण्याचे मित्र आमच्या घरी एकदा तोंडात बोट घालून बसले होते. ती लहान आणि तू मोठा, हे तिथे चालत नाही. भाची पूज्य. आणि मला हे ठाऊक नव्हतं शालिक, की नेपाळातही हीच चाल आहे. विपुल सांगतो, पोलिसाने फोन खाली ठेवला. तुला खांद्याला धरून उठवलं आणि म्हणाला, चला, उशीर करू नका, पोरीला ताप आहे. टोपलं उचलायला त्याने हात लावला.

विपुलला वाटतं, काकाने काय डोकं चालवलं. तो पोरगा आहे, त्याला वाटू दे. मी तुला तुझ्या पाळण्यापासून ओळखते. तुला इतकं चटकन नाटक सुचलं असतं तर आईच्या तेरवीनंतर अंगणात तू मला दोन शब्द ऐकवले असतेस. तू पोलिसाला काही दाखवत नव्हतास. भाजलेल्या त्या पायांची तू माफी मागत होतास, आणि पोलीस आहे की नाही याचं तुला भान नव्हतं. हे वाचून मान हलवू नकोस.

सुभद्रा


अमरावती, २३ मार्च २०२५

चि. शालिकराम, आशीर्वाद. या वेळी मनापासून.

जानेवारीच्या पत्राला उत्तर आलं नाही, म्हणून विपुलला दटावून विचारलं. तो आधी काही सांगेना. मग म्हणाला, न सांगता काम सोडून गेलास म्हणून ठेकेदाराने तुला जेसीबीवरून काढलं, आता तू वरच्या कॅम्पवर दगड फोडतोस. आणि म्हणाला, 'मावशी, काका आता शेकोटीजोळ बसत नाई. सगळे बसतेत, ते दूर अंधारात बसतेत, कांबळं घेऊन.' हे ऐकल्यापासून माझा जीव ठिकाणावर नाही. तिथली थंडी मी आता ओळखते. मोजे घालून बस. माझ्यावर राग काढायचा तर इथे येऊन काढ, स्वतःच्या हाडांवर नको.

छिमी इथे आहे, माझ्या घरी. नर्मदाबाई तिला घेऊन गोठणगावला जाणार होती, पण ड्रेसिंगसाठी रोज दवाखाना हवा म्हणून दोघी माडीवर राहिल्या, स्वेटरच्या गठ्ठ्यांच्या मधे. नर्मदाबाई पहिले आठ दिवस तिच्याकडे नुसती बघत बसायची. एकदा मला म्हणाली, 'हिची मान पाह्य, माया बहिणीची हाय. चार वर्साची होती तवा पाह्यली होती मीनं ती मान.' आणि मग पदराने, म्हणजे तिच्या त्या रंगीत पट्ट्यांच्या एप्रनने, तोंड झाकून रडली. मी तिला रडू दिलं.

तुझ्याबद्दल तिने ठरवलं आहे का, ते मी विचारलं नाही. पण गेल्या आठवड्यात खुशालराव छिमीला मराठी शिकवत होते. हा काका, ही मावशी. 'मामा' कोण, विचारल्यावर पोरीने टोपलं पाठीवर घेतल्यासारखं करून दाखवलं. नर्मदाबाई भाजी निवडत होती. न बघता म्हणाली, 'तिले सांगा, मामा उन्हाळ्यात येतेत. आमच्याइकडे बी मामाले मान असते.' मला वाटतं, हे तुझ्यासाठी होतं, आणि मी ऐकावं म्हणून मोठ्याने होतं.

पोरगी लाघवी आहे. ऊन तिला सोसत नाही, दुपारी ओल्या फडक्यात तोंड गुंडाळून बसते. खायला आमची भाकर आवडत नाही, पण ठेचा मागून घेते. भिंतीला धरून चालते, काठी दिली तर लाजते. आपल्या देशाबद्दल बोलत नाही. आईबद्दल एकदा बोलली. खिंडीपाशी निरोप देताना आई म्हणाली होती, मागे वळून पाहू नकोस, मला पुन्हा चार वर्षांची होऊन मागे राहिल्यासारखं वाटेल. नर्मदाबाईने ते मला समजावून सांगितलं आणि उठून खाली गेली.

काल तिला म्हटलं, मामाला पत्र लिहिते आहे, तुझं काय लिहू? तिने विचार केला. मग तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली, 'मामा को लिखो, पैर में दर्द नहीं है. बिलकुल नहीं. मामा का हाथ बहुत अच्छा था.'

शालिक, हे खोटं आहे. ड्रेसिंगच्या वेळी रोज मीच तिचा हात धरते. ती रजईचं टोक दातात धरते, डोळ्यातून पाणी गळतं आणि माझ्या मनगटावर तिची नखं उमटतात. परवा सिस्टर म्हणाली, ओरड ना बाई, ओरडल्याने बरं वाटतं. ही ओरडत नाही. आणि मग संध्याकाळी बसून तुझ्यासाठी असं खोटं रचते. परक्या माणसाला कोणी असं खोटं सांगत नाही. ते घरच्याच माणसाला सांगतात, त्याला लागू नये म्हणून. आई शेवटी फोनवर तुला सांगायची ना, मी ठणठणीत आहे, तू काम सोडून येऊ नको, तसं.

आईचं तू खरं मानलंस, आणि मीही तुला कधी खरं कळवलं नाही. म्हणून या वेळी कळवते आहे. तिचा निरोप तिने सांगितला तसा लिहिला. आता खरं काय ते येऊन बघ.

बाई